बोंडअळीची बनवाबनवी

बेडकाच्या पिल्लाची शेपूट गळून पडत नाही. तिच्या पेशी हुकूम आला की आपणहून मरतात आणि अंग त्यांना जिरवून टाकतं. पेशींचं हे ठरवून मरणं प्रथिनांच्या हातात असतं.

प्रथिनंही दुतोंडी! आपल्याच अंगातलं बीसीएल-एक्स घ्या. जनुक एकच, पण त्याच्या संदेशाची काटछाट दोन तऱ्हांनी होते. २३३ अमिनो आम्लांचा लांब अवतार पेशीला वाचवतो. १७० चा आखूड अवतार तिला मरणाकडे ढकलतो. हे कळलं १९९३ साली.

जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या एका सूत्रकृमीत १०९० पेशी बनतात आणि त्यातल्या नेमक्या १३१ मरतात. या मरणाचा छडा लावणाऱ्यांना २००२ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि पुढे बुलढाण्यात घाटाखालच्या शिवारांतही तीच पऱ्हाटी डोलू लागली.

बीटी कपाशीत बनणारं क्राय प्रथिन बोंडअळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं. मग पेशीला भोकं पडतात आणि अळी आटोपते. काही शास्त्रज्ञ म्हणतात, नुसती भोकं नव्हेत. कॅडहेरिनच पेशीला आतून मरणाचा निरोप धाडतं. २००६ मध्ये कीटकपेशींवरच्या प्रयोगात तसा निरोप सापडलाही. वाद अजून मिटलेला नाही. आपल्याला मात्र घोर नाही: आपल्या आतड्यात क्राय प्रथिन चिकटायला तशी जागाच नाही.

गुलाबी बोंडअळी मात्र भारी बेरकी निघाली. तिने विषाला हात लावला नाही, दाराची कडीच मोडून टाकली. २०१४ मध्ये भारतातल्या बीटीला न जुमानणाऱ्या अळ्या तपासल्या, तर कॅडहेरिनच्या जनुकाची आठ बिघडलेली रूपं निघाली आणि त्यांच्यापासून तब्बल १९ तऱ्हांचे संदेश! कुठे मजकूर मधेच तुटलेला, कुठे मोठा तुकडा गायब. एकाच बिघडलेल्या जनुकाचे दोन-दोन, तीन-तीन अवतार. बीसीएल-एक्सचीच काटछाट, फक्त इथे अळीच्या सोयीने.

दोन क्राय प्रथिनांची कपाशी २००६ मध्ये आली. दुसऱ्या प्रथिनाला अळीने वेगळ्या वाटेने चकवलं: स्वतःचंच एबीसीए-२ नावाचं प्रथिन मोडीत काढून.

वावरात या अळीची ओळख सोपी. पाकळ्या रेशमाने शिवल्यासारख्या, न उमलणारं गुलाबासारखं फूल दिसलं की ती डोमकळी. उकलून पाहा, अळी आतच बसलेली असते. तोडून नष्ट करा आणि डिसेंबरनंतर फरदड, म्हणजे वेचणीनंतरही उभं राखलेलं पीक, ठेवू नका. अळीला सुगी तिथेच लाभते.