जुना ट्रक भंगारात जाण्याआधी फुटाला अर्धा इंच घ्या!

मांजरसुंब्याच्या फाट्यावर घटकाभर उभे राहिले, की अख्खा मराठवाडा चाकावर चाललाय असे वाटते. एक रस्ता बीडकडे, एक चौसाळ्यावरून सोलापूरकडे, एक पाटोद्याकडे आणि एक नेकनूर-केजवरून अंबाजोगाईकडे. बीडकडून घाट चढून आलेली गाडी इथे दम खाते. ड्रायव्हर चहाला उतरतो, क्लीनर टायरवर दांडा मारून हवा बघतो. दिवाळीच्या सुमारास याच रस्त्यांनी ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडे ट्रक-ट्रॅक्टरमधून कारखान्यांकडे निघतात. लेकरं, भांडी, शेळ्या, कोंबड्या, सगळा संसार त्या हौद्यात. आपल्या जिल्ह्यात ट्रक म्हणजे नुसते वाहन नव्हे, अर्धे घरच.

म्हणूनच इथल्या पोरांचे पहिले खेळणेही ट्रकच. ज्वारीच्या धाटाची बैलगाडी झाली, की पुढची पायरी तेलाच्या डब्याच्या पत्र्याची गाडी. तुटक्या चपलेची चाकं, सायकलच्या तारेचा आस, खिळा नसेल तिथे बाभळीचा काटा आणि पुढे सुतळी. ज्याच्या गाडीला फाळका उघडायचा, तो गल्लीत शेठ! ही गाडी करणारी पोरेच पुढे गॅरेजात हेल्पर झाली आणि हेल्परचे मिस्त्री झाले. या दोन गोष्टींचे नाते आपण कधी नीट पाहिले नाही. छोटी गाडी मापात करणे आणि मोठी जुनी गाडी पुन्हा उभी करणे ही दोन्ही कामे हातात हात घालून चालली, तर पोराला विद्या मिळते आणि गावाला त्याचा इतिहास मिळतो.

नाकाचा ट्रक कुठे गेला?

टाटांच्या टेल्को कंपनीने जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून १९५४ मध्ये ट्रक बनवायला सुरुवात केली. करार पंधरा वर्षांचा होता, तो १९६९ मध्ये संपला. पुढे बॉनेट असलेला, आपण ज्याला नाकाचा ट्रक म्हणायचो, त्या गाडीवर आधी बेंझचा तीन टोकांचा तारा असायचा, नंतर तिथे 'टी' आला. मुंबईत वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने डॉज-फार्गोचे ट्रक काढले. मद्रासकडून लेलँड आली. १९८६ मध्ये टाटा ४०७ आली आणि भाजीपाला, दूध, आठवडी बाजार यांचे गणितच बदलले.

आपल्या मुलखाचा इतिहास तर आणखी निराळा. बीड निजामाच्या राज्यात होते. त्या राज्यात सरकारी बसगाड्या १९३२ मध्येच सुरू झाल्या, अवघ्या २७ गाड्यांवर. तिकडे मुंबई राज्यात एसटीची पहिली गाडी पुणे ते अहमदनगर धावली ती १ जून १९४८ रोजी. त्या निजामी काळातली एक अल्बियन बस हैदराबादच्या बस भवनात जपून ठेवलेली आहे. आपल्या रस्त्यावर राबलेल्या जुन्या ट्रकांपैकी मात्र किती उरले? पत्रा भट्टीत गेला, चासी कापली, इंजिन विहिरीवर पाणी ओढून झिजले.

जपणारे जवळच आहेत

जुनी वाहने जपायची रीत फार लांबची नाही. अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, लष्कराचे रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या चिलखती मोटारीपासून पुढचे रणगाडे तिथे ओळीने उभे आहेत. शाळेच्या सहली तिथे जातात, पोरे तोंडात बोट घालून बघतात.

छोट्या प्रतिकृतींचे म्हणाल तर पुण्यात भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ मध्ये लोकांना खुले झाले. अलीकडे एसटीप्रेमींनी 'वारी लालपरीची' हे फिरते प्रदर्शन काढले. त्यात जुन्या-नव्या एसटी गाड्यांच्या हुबेहूब प्रतिकृती पाहायला मिळाल्या.

आणि दोन्हींच्या मधली गोष्ट घडली सांगली जिल्ह्यात. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव असलेल्या देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सामानातून जीपच्या घाटणीची छोटी चारचाकी बनवली. खर्च साठ हजारांच्या आसपास आणि गाडी सुरू करायची ती मोटारसायकलसारखी किक मारून! डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले आणि जानेवारी २०२२ मध्ये त्या गाडीच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो दिली. अशी गाडी नियमाने रस्त्यावर चालवता येत नाही, हे महिंद्रांनीही तेव्हा सांगितले होते. पण मुद्दा वेगळा आहे. नुसत्या नजरेने पाहून माप धरणारा हात खेड्यात आहे, हे साऱ्या देशाला दिसले.

माप कसे धरायचे?

प्रतिकृती म्हणजे खेळणे नव्हे. तिला प्रमाण लागते. जगभर मॉडेल ट्रक करणारे एकास चोवीस हे प्रमाण फार वापरतात. ऐकायला अवघड, पण आपल्या सुतार-मिस्त्र्याच्या भाषेत हिशोब सरळ आहे: फुटाला अर्धा इंच. गाडी तेवीस फूट लांब असेल तर प्रतिकृती साडेअकरा इंच. रुंदी आठ फूट, तर चार इंच. मोठ्या ट्रकचा टायर उंचीला जवळपास साडेतीन फूट असतो, त्याचे चाक पावणेदोन इंचाचे. नवशिक्याला एवढे बारीक काम जमत नसेल, तर एकास दहा धरावे. मीटरचे दहा सेंटिमीटर, चुकायला जागाच नाही.

हे काम खऱ्या गाडीच्या दुरुस्तीबरोबरच का करावे? कारण गाडी जेव्हा पूर्ण खोललेली असते, तेव्हाच तिची हाडे दिसतात. हौदा उतरवला, केबिन काढली, की चासीच्या दोन लांब पट्ट्या, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, कमानपाटे, मागचा आस हे सारे उघडे पडते. त्या चार दिवसांत टेप घेऊन माप उतरवले, फोटो काढले, तर कायमचे दप्तर तयार होते. रंग लागल्यावर कोण कशाला खाली वाकतो?

दुसरा फायदा पैशाचा. जुन्या गाडीचा मडगार्ड किंवा बॉनेट सडलेला असतो आणि बाजारात मिळत नाही. थेट पत्रा कापला आणि चुकला, तर नुकसान. आधी पुठ्ठ्यात छोटा नमुना करून वाकण बघितली, मग मोठ्या पत्र्याला कात्री लावली, तर वाया जात नाही. कसलेला मिस्त्री म्हणेल, "मला कशाला पायजे पुठ्ठा, माझ्या डोळ्यात माप हाय." खरे आहे. पण ते माप त्याच्या डोळ्यातून पोराच्या वहीत कसे उतरणार?

सामान घरचेच. तेलाच्या डब्याचा पत्रा, छत्रीच्या काड्या, सायकलची तार, स्लीपरचे रबर, पातळ फळी. नंबर प्लेट, आरशाचे गोंडे, मागची नक्षी हीसुद्धा नोंदवावी. 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला महाराष्ट्रात २०१५ मध्ये मनाई झाली. पेंटरची ती अक्षरे आता जुन्या फोटोत आणि प्रतिकृतीवरच राहतील.

कायदा आणि खिसा

हौसेला मोल नसले, तरी कायदा बघावा लागतो. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपात राखलेल्या वाहनांसाठी केंद्राने २०२१ मध्ये वेगळे नियम केले. त्यांना 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीला २० हजार रुपये लागतात, नोंदणी दहा वर्षांची असते. मात्र अशा गाडीने धंदा करता येत नाही आणि रोजच्या वापरात ती रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे जुना ट्रक जपून त्यावर भाडे मारीन, हा हिशोब जुळत नाही.

सरकारी आणि स्थानिक संस्थांची पंधरा वर्षे उलटलेली वाहने १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीतून बाद होऊ लागली. खासगी मालकांनीही एक खूणगाठ बांधावी. गाडी नुसती भंगारवाल्याला देऊन मोकळे होऊ नका. आरसी तुमच्या नावावर राहिली, तर पुढचे लफडे तुमच्या गळ्यात. गाडी कायमची निकामी झाली, तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे चौदा दिवसांत कळवायचे असते. नोंदणीकृत मोडीत केंद्रात दिली, तर जमा केल्याचे प्रमाणपत्र मिळते. ते नव्या गाडीच्या वेळी उपयोगी पडते.

गावाने काय करावे?

मोठे संग्रहालय कुणी मागत नाही. बाद झालेली जीप, टँकर किंवा ट्रॅक्टर मोडीत जाण्याआधी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी फक्त दोन दिवस शाळेला द्यावेत. गुरुजींनी पोरांना टेप, वही घेऊन गाडीभोवती सोडावे. गुणोत्तर-प्रमाणाचा धडा फळ्यावर समजत नाही, तो साडेतीन फुटांच्या टायरपाशी समजतो. गावातल्या मिस्त्र्याला मानाने बोलवावे, एक नारळ द्यावा. पोरांनी केलेली गाडी ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवावी. खाली गाडीचे साल, मॉडेल आणि तिने गावाची कोणती कामे केली ते लिहावे.

आपल्या भागातली बरीच पोरे आई-बापांबरोबर कारखान्यावर जातात आणि शाळा सुटते. त्यातल्या एकाच्या हाताला जरी मापाची सवय लागली, तरी उद्या तो उसाच्या ट्रकमध्ये बसण्याऐवजी ट्रक दुरुस्त करेल. गाडी भंगारात गेली तर लोखंडाचे पैसे तरी येतात. हात भंगारात गेला, तर काय येणार?