भूवापर विभागणी

नगर किंवा प्रदेश यांतील जमिनीचे वापरानुसार विभाग पाडून प्रत्येक विभागात कोणता वापर व किती बांधकाम करता येईल, हे कायद्याने ठरवून देण्याची पद्धती. व्यवहारात तिला ‘झोनिंग’ आणि विभागाला ‘झोन’ म्हणतात. जमिनीची मालकी व जमिनीचा वापर ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ह्या पद्धतीचे मूळ सूत्र होय. सातबारा उतारा अथवा मिळकत पत्रिका यांवरून जमीन कोणाची आहे, हे कळते. ती कशासाठी वापरता येईल, हे मात्र मंजूर योजनेचा नकाशा व त्यासोबतची नियमावली यांवरून ठरते. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे निर्वेध मालकीची जमीन खरेदी करूनही तीवर घर बांधता येत नाही, असा प्रसंग पुष्कळांवर येतो.

इतिहास : औद्योगिकीकरणानंतर कारखाने व राहती घरे यांची सरमिसळ होऊन आरोग्याचे प्रश्न निर्माण झाले, त्यांतून ही पद्धती उदयास आली. जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराने १८९१ मध्ये व अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराने १९१६ मध्ये असे नियम केले. मुंबई इलाख्यात नगररचनेचा पहिला अधिनियम १९१५ मध्ये झाला. १९५४ च्या अधिनियमाने स्थानिक प्राधिकरणांवर विकास योजना तयार करण्याचे बंधन घातले. त्याची जागा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याने घेतली. राज्यातील भूवापराचे नियमन मुख्यत्वे ह्याच अधिनियमाने होते. गोव्यात १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन अधिनियमाखाली अशीच व्यवस्था आहे.

नियमांचे स्तर : एखाद्या भूखंडाला लागू होणारे नियम एकाच ठिकाणी नसतात, ते एकावर एक रचलेल्या स्तरांसारखे असतात. पहिला स्तर विभागाचा. रहिवास, वाणिज्य, औद्योगिक, सार्वजनिक–निमसार्वजनिक, शेती, हरित पट्टा इ. प्रमुख विभाग होत. दुसरा स्तर आरक्षणाचा. रहिवास विभागातील जमीनही शाळा, उद्यान वा नियोजित रस्ता यांसाठी राखून ठेवलेली असू शकते. विभाग मालकाने करावयाचा वापर ठरवितो, तर आरक्षण ती जमीन सार्वजनिक प्रयोजनार्थ संपादन करण्याचा हेतू दर्शविते. तिसरा स्तर विकास नियंत्रण नियमावलीचा. चटईक्षेत्र निर्देशांक, इमारतीची उंची, सामासिक अंतरे, वाहनतळ यांचे प्रमाण तीत दिलेले असते. उदा., ५०० चौ. मी. भूखंडास निर्देशांक १·१० असल्यास ५५० चौ. मी. चटईक्षेत्र मिळते, तथापि समोरील रस्त्याच्या रुंदीवरही अनुज्ञेय बांधकाम अवलंबून असते. चौथा स्तर अन्य कायद्यांचा. नदीकाठची निळी व लाल पूररेषा, सागरकिनाऱ्याचे नियमन क्षेत्र, विमानतळाभोवतीची उंचीमर्यादा, वारसावास्तूंचा परिसर यांची बंधने विभाग कोणताही असला, तरी लागू होतात.

बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या क्षेत्रात विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, २०३४ लागू आहे. काही विशेष क्षेत्रे वगळता उर्वरित राज्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर झाली. तत्पूर्वी निरनिराळ्या नगरांचे नियम निरनिराळे होते.

नियमांचा शोध : प्रथम जमिनीचा गट क्रमांक, सर्व्हे क्रमांक किंवा नगर भूमापन क्रमांक निश्चित करावा लागतो. नंतर नियोजन प्राधिकरण कोणते, हे पाहावे लागते. शहरात ते बहुधा महानगरपालिका वा नगरपरिषद असते, महानगर प्रदेशात विकास प्राधिकरण असते, तर प्रादेशिक योजनेच्या ग्रामीण क्षेत्राची माहिती नगररचना विभागाच्या जिल्हा कार्यालयात मिळते. तेथे अर्ज करून ‘झोन दाखला’ व ‘भाग नकाशा’ घेता येतो. मुंबईत ह्यास विकास योजनेचे अभिप्राय म्हणतात. एकच गट दोन विभागांत विभागला गेला असेल, तर मोजणी नकाशा विकास योजनेच्या नकाशाशी ताडून पाहणे अगत्याचे ठरते. खरेदीचा तुकडा नेमका कोठे येतो, हे केवळ दाखल्यावरून समजत नाही.

दाखला वाचताना तीन गोष्टी तपासाव्यात : योजना मंजूर आहे की प्रारूप, मंजुरीनंतर कलम ३७ अन्वये फेरबदल झाला आहे काय, आणि आरक्षण व रस्तारुंदी यांचा उल्लेख आहे काय. प्रारूप योजनाही दुर्लक्षिता येत नाही, कारण कलम ४६ नुसार परवानगी देताना प्राधिकरणाने तिचा विचार करावयाचा असतो. जमीन अकृषिक झाल्याचा महसुली आदेश म्हणजे विभागातील बदल नव्हे. त्याचप्रमाणे शेजारच्या भूखंडावर इमारत उभी आहे, हा परवानगीचा पुरावा ठरत नाही. शेती विभागात गुंठ्यागुंठ्यांनी पाडलेले भूखंड विकत घेणाऱ्यांची फसगत प्रायः ह्याच दोन गैरसमजांतून होते.

नागरिकांचे हक्क : प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचना मागविल्या जातात. ही मुदत अल्प, महिना–दोन महिन्यांचीच असते; ती उलटली, की आपले म्हणणे मांडण्याची मुख्य संधी हातची जाते. योजनेची सुधारणा किमान वीस वर्षांतून एकदा व्हावी, असे कलम ३८ सांगते. म्हणून एका हरकतीचे परिणाम एका पिढीपर्यंत टिकतात. बांधकाम परवानगी नाकारल्यास कलम ४७ अन्वये ४० दिवसांत अपील करता येते. आरक्षित जमीन अंतिम योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षांत संपादन न झाल्यास मालक कलम १२७ अन्वये सूचना बजावू शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्याची कायदेशीर कार्यवाही सुरू झाली नाही, तर आरक्षण व्यपगत होते. संपादनाचा नुसता प्रस्ताव पाठविणे ही अशी कार्यवाही नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरणार ट्रेडर्स खटल्यात दिला. आरक्षण आपोआप संपत नाही, त्यासाठी मालकाने सूचना बजावणे आवश्यक असते, ही बाब अनेक मालकांना ठाऊक नसते.

मूल्यमापन : विभागणीमुळे मोकळ्या जागा, टेकड्या व नदीपात्रे राखता येतात आणि उपद्रवी उद्योग वस्तीपासून दूर ठेवता येतात. उलटपक्षी, नकाशावरील एका रेषेने शेजारशेजारच्या जमिनींच्या किंमतींत मोठी तफावत पडते. त्यामुळे विभाग बदलून घेण्यासाठी दडपणे येतात. दुकानावर घर अशी मिश्र वस्ती ही भारतीय शहरांची जुनी रीत असल्याने वापरांची काटेकोर फारकतही येथे नेहमीच हितावह ठरत नाही. ह्या नियमांचे यश त्यांच्या कठोरपणापेक्षा ते सामान्य नागरिकास वेळेवर व समजेल अशा भाषेत उपलब्ध होण्यावर अधिक अवलंबून आहे.