इंजिनाचा श्वास मोजताना

माझी धाकटी बहीण पांढुर्ण्याला दिली, त्याला आता पंचवीस वर्षे झाली. बेळगावची मुलगी थेट मध्य प्रदेशात द्यायची म्हणून तेव्हा घरात बरीच कुरकुर झाली होती. पण नागपूर सोडून गाडी पांढुर्ण्याला थांबली की फलाटावर मराठीच कानावर पडते. आपल्याकडे मराठीत कानडी मिसळते, तिकडे हिंदी मिसळते, एवढाच काय तो फरक. संत्र्यांच्या बागा आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होणारी गोटमार यांमुळे ओळखले जाणारे हे गाव. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके छिंदवाड्यातून काढून नवा जिल्हाही झाला.

गेल्या खेपेला गेलो तेव्हा ओसरीवर बाप-लेकाचा वाद रंगला होता. भाचा नागपूरला इंजिनिअरिंग शिकतो. त्याच्या कॉलेजची मुले छोटी रेसची गाडी बनवतात. अशा गाड्यांची ‘फॉर्म्युला भारत’ ही स्पर्धा कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होते. मुलांच्या गाडीला ३७३ सीसीचे केटीएम मोटरसायकलचे इंजिन आहे. हे इंजिन आपल्या चाकणला बजाजच्या कारखान्यात बनलेले. पण स्पर्धेचा नियम असा की इंजिनात जाणारी सगळी हवा २० मिलिमीटरच्या एकाच भोकातून गेली पाहिजे. हवेचे गणित बदलले की पेट्रोलचेही बदलते. म्हणून कंपनीचा ईसीयू काढून, आपल्याला हवा तसा प्रोग्रॅम करता येणारा बाहेरचा ईसीयू बसवावा लागतो.

“मागच्या साली पिस्टन जयलं, तवा पोरांनी वर्गणी केली,” दाजी म्हणाले. “आता वीस हजाराचा सेन्सर कायले पाहिजे? सेन्सर तं होता न पहिलेच!”

भाचा माझ्याकडे वळला. “मामा, तोच तर घोळ आहे. तो सेन्सर शेवटपर्यंत ‘पेट्रोल जास्त आहे’ असंच सांगत होता आणि पिस्टनला भोक पडलं.”

उद्यमबागेत लेथवर आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला हे कोडे सोडवल्याशिवाय चैन पडेना.

हो-नाही सांगणारा आणि मोजणारा

पूर्वीचे मिस्त्री प्लग काढून रंग बघायचे. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी, चॉकलेटी म्हणजे ठीक. आमच्या सौभाग्यवती आजारी माणसाबद्दल म्हणतात, “उसिर नोडिद्र गोत्तागतैति.” श्वास बघितला की कळते! इंजिनाचेही तसेच. धुरात प्राणवायू किती उरला, यावरून आत काय जळले ते समजते.

धुरातला प्राणवायू ओळखणारा लॅम्ब्डा सेन्सर बॉश कंपनीने १९७६ साली व्होल्व्होच्या गाड्यांत प्रथम आणला. लॅम्ब्डा १ म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण तंतोतंत. १ पेक्षा कमी म्हणजे पेट्रोल जास्त, अर्थात रिच. १ पेक्षा जास्त म्हणजे लीन. आपल्या रोजच्या अनेक गाड्यांत असतो तो साधा, नॅरोबँड सेन्सर. तो रिच असताना सुमारे ०.८ ते ०.९ व्होल्ट दाखवतो, लीन असताना ०.१ च्या आसपास. मधली उडी १ च्या ठिकाणी. म्हणजे तो ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगतो. किती, ते धड सांगत नाही. लॅम्ब्डा ०.८५ असो वा ०.९५, त्याचे उत्तर जवळपास एकच. पूर्ण थ्रॉटलला मात्र या दोन आकड्यांत इंजिनाचे जीवनमरण असू शकते.

वाइडबँड सेन्सरमध्ये सिरॅमिकची एक इवलीशी खोली असते. तिच्यातला प्राणवायू कायम ठरावीक राहावा म्हणून विजेच्या जोरावर तो आत किंवा बाहेर ढकलला जातो. त्यासाठी किती करंट लागला, त्यावरून लॅम्ब्डा किती ते आकड्यात कळते. हे काम तापल्याशिवाय होत नाही, म्हणून आतला हीटर सेन्सरला साडेसातशे अंशांच्या वर नेतो.

उसाने बदललेले गणित

मग पिस्टन का गेला? याचे उत्तर आपल्या उसापर्यंत येते. २०२५ पासून देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्यातले कितीतरी इथेनॉल आपल्याच भागातल्या कारखान्यांचे. निव्वळ पेट्रोलच्या एका किलोला जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ किलो. मिश्रणाला म्हणून साधारण साडेतेरा किलो पुरते. साध्या पेट्रोलवर जुळवलेले इंजिन काहीही न बदलता या पेट्रोलवर चालवले, तर ते सात-आठ टक्के लीन होते. ०.८८ वर जुळवलेले इंजिन ०.९५ वर जाऊन बसते. साधा सेन्सर तेव्हाही ‘रिच’ असेच म्हणत राहतो! मुलांनी जुळवणी जुन्या फाइलवरून केली होती आणि पेट्रोल नवे भरले होते.

म्हणून पहिली गाठ बांधून घ्या: बोलायचे ते लॅम्ब्डात. मीटरवर १४.७, १३ असे आकडे दिसतात खरे, पण मीटर आतून लॅम्ब्डाच मोजतो आणि १४.७ ने गुणून दाखवतो. पेट्रोल बदलले तरी लॅम्ब्डा १ म्हणजे १ च. स्पर्धेच्या गावी वेगळे पेट्रोल मिळाले तरी गोंधळ होत नाही.

घेताना काय पाहावे?

दोन दिवस आम्ही मामा-भाचे वही घेऊन बसलो. त्यातून निघालेल्या गोष्टी अशा.

एक, सेन्सर आणि कंट्रोलर यांची जोडी जमली पाहिजे. बॉशचे एलएसयू ४.२ आणि ४.९ दिसायला भावंडे असली तरी एकाच्या जागी दुसरा चालत नाही. ४.२ ला अधूनमधून मोकळ्या हवेत धरून कंट्रोलरची जुळवणी करावी लागते. ४.९ ची जुळवणी कारखान्यातच होते आणि तिचा रेझिस्टर त्याच्या कनेक्टरमध्ये बसवलेला असतो. म्हणून तो कनेक्टर कधी कापू नये. नव्याने घेणाऱ्याने ४.९ चालणाराच संच घ्यावा.

दोन, ईसीयूमध्येच वाइडबँडचा कंट्रोलर आहे का ते आधी बघावे. असेल तर निम्मा खर्च वाचतो. नसेल तर वेगळा कंट्रोलर घ्यावा, आणि ईसीयूला कॅन वायरिंग चालत असेल तर तोच प्रकार निवडावा. शून्य ते पाच व्होल्टचा संदेश देणाऱ्या संचात अर्थिंगचा घोळ होतो. हीटर बराच करंट खातो. अर्थिंग कच्चे असेल तर आकडा सरकतो. १० ते २० अशी पट्टी असेल तर ०.३ व्होल्टची चूक म्हणजे लॅम्ब्डात ०.०४ चा फरक. एवढ्यासाठी वीस हजार घालायचे होते का?

तीन, सेन्सर माहितीतल्या विक्रेत्याकडून बिलासह घ्यावा. तो झिजणारा भाग आहे, त्यामुळे पुढे सुटा सेन्सर मिळेल ना, हेही विचारावे.

सौंसरच्या वर्कशॉपमध्ये

संच चांगला आणि बसवला वाईट, तर पैसे पाण्यात. सौंसरला दाजींच्या ओळखीचे एक वर्कशॉप आहे, तिथे आम्ही बेंड पाइप घेऊन गेलो. मिस्त्रीने १८ मिलिमीटर, दीड पिचचा नट आर्गॉन वेल्डिंगने बसवला. जागा मात्र आम्ही दाखवली. सेन्सर पाइपच्या वरच्या अंगाला, आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर झुकलेला हवा. खाली बसवला तर गार इंजिनात साचलेले पाणी तापलेल्या सिरॅमिकवर जाते आणि ते तडकते. त्याच कारणाने हीटर इंजिन सुरू झाल्यावरच चालू करावा. सेन्सर इंजिनाला अगदी चिकटून नको, जळेल. पाइपच्या टोकालाही नको, बाहेरची हवा आत ओढली जाऊन खोटे लीन दिसेल. त्याच्या आधी कुठे जॉइंट गळत असेल तरीही तेच. टॉर्क पाना ४० ते ६० न्यूटन मीटर. सिलिकॉनचे साधे गॅस्केट लावू नये, त्याची वाफ सेन्सरला मारते. आणि वायर काढून सेन्सर तसाच पाइपात ठेवून गाडी चालवू नये; गार सेन्सरवर काजळी बसते.

मिस्त्रीने एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. प्लगने ठिणगी चुकवली तर न जळलेला प्राणवायू बाहेर पडतो आणि मीटर लीन म्हणतो. अशा वेळी पेट्रोल वाढवणारा फसतो. मीटर आला तरी कान आणि प्लग सोडायचे नाहीत!

रस्त्यासाठी नाही

वाचकांच्या घरी असा नाद असलेली मुले असतील, म्हणून हेही सांगतो. हे सारे बंदिस्त ट्रॅकवरच्या गाडीसाठी आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली हेच बजावले आहे. रोजच्या गाडीला हात लावण्याआधी विचार करावा.

दाजींनी शेवटी पैसे दिले. निघताना मी त्यांना कारण विचारले. ते म्हणाले, “संत्रं वरून पिवळं दिसते, पण फोडल्याबिगर आत रस किती ते समजत नाही. पोरगं फोडून पाहतो म्हणते, तं पाहू दे न बाप्पा.”

महिन्याभराने भाच्याचा फोन आला. “मामा, पहिल्याच दिवशी पूर्ण थ्रॉटलला ०.९६ दिसला. लगेच थांबवलं. पेट्रोल वाढवत वाढवत ०.८८ वर आणलं.”

“आणि पिस्टन?”

“शाबूत आहे. बाबांना सांगा, या वर्षी वर्गणी नाही.”