एक फॉस्फेट, एक ससा आणि ताईचे चार महिने

हेडफोन लावलेत ना? आजची गोष्ट माझ्या ताईच्या लॅबमधली. ताई इम्युनॉलॉजीत पीएचडी करते, मी कोड लिहितो. मागच्या महिन्यात रात्री अकराला तिचा फोन. "अरे, अँटीबॉडीची नवी बाटली उघडली, तर काहीच न दिलेल्या पेशींमध्येसुद्धा बँड दिसतोय. चार महिन्यांचं काम खरं की खोटं, तेच कळेना."

आता हा बँड कशाचा? संसर्ग झाला की काही पेशी इंटरफेरॉन-गॅमा नावाचा निरोप सोडतात. तो दुसऱ्या पेशीला बाहेरून चिकटतो. आत स्टॅट-१ नावाचं प्रोटीन वाट बघत असतं. त्याच्या साखळीत ७०१ व्या जागी टायरोसिन आहे. जॅक नावाची एन्झाइम्स तिथे एक फॉस्फेट लावतात. मग दोन-दोन स्टॅट-१ जोडीने केंद्रकात जातात आणि जीन्स चालू करतात. आमच्या भाषेत, फ्लॅग फॉल्सचा ट्रू झाला.

गंमत बघा, प्रोटीन साधारण ९१ हजार डाल्टनचं आणि फॉस्फेटची भर फक्त ८० ची. ट्रकला लिंबू-मिरची बांधल्यासारखी! ती ओळखायची कशी?

त्यासाठी प्रोटीनचा तेवढाच छोटा तुकडा फॉस्फेटसकट बनवतात. एकट्या तुकड्याला शरीर फारसं विचारत नाही, म्हणून तो एका मोठ्या प्रोटीनला जोडून सशाला टोचतात. सशाच्या वेगवेगळ्या बी-पेशी वेगवेगळ्या अँटीबॉडीज बनवतात, म्हणून ही पॉलिक्लोनल. पण त्यातल्या काही साध्या तुकड्यालाही चिकटतात. त्या गाळायला साध्या तुकड्याचा कॉलम लावतात, चिकटेल ते टाकून देतात. मग फॉस्फेटवाल्या तुकड्याचा कॉलम, आणि इथे चिकटेल ते ठेवतात.

गोची इथेच आहे. ससा बदलला की मिश्रण बदलतं. नवा लॉट म्हणजे नवा बिल्ड. टेस्ट न करता डिप्लॉय कराल का?

ताईपुढे दोन शक्यता होत्या. पेशी आधीच चाळवलेल्या असतील, किंवा बाटलीच चुकीची असेल. तिने तोच नमुना घेऊन त्यावर फॉस्फेट कापणारं फॉस्फेटेज एन्झाइम टाकलं. फ्रीझरमध्ये उरलेल्या जुन्या अँटीबॉडीने बघितलं, तर बँड गायब. म्हणजे फॉस्फेट नक्की निघाला होता. नव्या बाटलीने बघितलं, तर बँड तसाच! म्हणजे ती साध्या स्टॅट-१ लाही पकडत होती.

प्रत्येक ब्लॉटवर तिने लॉट नंबर लिहिलेला होता. सगळं काम जुन्या लॉटवरचं निघालं. चार महिने वाचले, बाटली परत गेली.

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो आणि पहिल्यांदा माझ्या राहिलेल्या टेस्ट लिहिल्या. तुमच्या कुठल्या राहिल्यात? कळवा. भेटू पुढच्या एपिसोडला!