वासेट्ठ सुत्त, लिनियस आणि औषधाला दाद न देणारा क्षय

सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्त आपल्या विद्यालयाच्या परिवाराला अपरिचित नाही. माणूस ब्राह्मण ठरतो तो जन्माने की कर्माने, हा वाद घेऊन वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन तरुण तथागतांकडे येतात. तथागत उत्तराचा आरंभ माणसापासून करीत नाहीत. गवत व वृक्ष, कीटक व मुंग्या, चतुष्पाद, सर्प, मासे, पक्षी असा क्रम लावून प्रत्येकात जन्मजात निरनिराळी लक्षणे आहेत, मनुष्यांत मात्र तशी नाहीत, असे ते दाखवितात. सजीवांच्या वर्गीकरणावर लिहिताना आम्हास याहून चांगला आरंभ सुचला नाही.

स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७३५ साली सजीवांची शास्त्रीय उतरंड मांडली. आजची द्विनाम पद्धतीही त्याचीच देणगी. (पाठ्यपुस्तकात या उतरंडीची शेवटची पायरी 'जाती' या शब्दाने सांगितली जाते. समाजातील जातीशी तिचा काडीचाही संबंध नाही, हे मुलांना दरवर्षी समजावून सांगावे लागते.) परंतु सुत्त जेथे थांबते, तेथे लिनियस थांबला नाही. त्याने खंड व वर्ण यांवरून माणसांचे चार प्रकार पाडले आणि १७५८ च्या आवृत्तीत प्रत्येकाला स्वभावही चिकटविले. जातिव्यवस्था ही वंशांची विभागणी नव्हे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या न झालेल्या लाहोरच्या भाषणात का लिहून ठेवले, ते यावरून ध्यानी यावे.

लिनियसने आरंभी प्रत्येक जाती निर्मिकाने घडविलेली व कायमची मानली होती. चार्ल्स डार्विनने १८५९ साली या कल्पनेला तडा दिला. एकाच जातीतील जीव तंतोतंत सारखे नसतात, त्यांतील काही भेद संततीत उतरतात आणि परिस्थितीत टिकतात त्यांचीच संतती वाढते. अनित्यतेचा विचार परिचयाचा असलेल्यांना हे परके वाटणार नाही. मात्र उत्क्रांती बुद्धांनी आधीच सांगितली होती, असे म्हणणे बुद्धांवर व डार्विनवर सारखाच अन्याय करणारे आहे, असे आमचे मत आहे.

डार्विनचे म्हणणे खरे की खोटे, हे पाहण्यास लक्षावधी वर्षे थांबण्याचे कारण नाही. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केलेला क्षयाचा जंतू पुरेसा आहे. क्षयरोग्याच्या फुप्फुसातील एका पोकळीत दहा कोटी जंतू असू शकतात. जंतू दुभंगताना त्याच्या जनुकीय मजकुराची नक्कल होते. हा मजकूर सुमारे ४४ लाख अक्षरांचा. नकलेत क्वचित एखादे अक्षर चुकते. बहुतेक चुका निरुपयोगी, परंतु दर दहा लाख जंतूंमागे साधारण एकात अशी चूक असते की आयसोनियाझिड हे औषध त्याच्यावर चालत नाही. म्हणजे औषधाची पहिली गोळी पोटात जाण्यापूर्वीच तिला दाद न देणारे शंभरेक जंतू तेथे हजर असतात. गोळी त्यांना घडवीत नाही. ती बाकीच्यांना मारून त्यांना मोकळे रान देते. 'शरीराला औषधाची सवय होते' असे आपण सर्रास म्हणतो, ते येथे लागू नाही. शरीर बदललेले नसते, जंतूंची वस्ती बदललेली असते.

याचा दाखला इतिहासात आहे. १९४८ साली ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी ४ दगावले, केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४. पाच वर्षांनी मात्र हेच आकडे ३२ आणि ३५ झाले. एकट्या औषधापुढे टिकून राहिलेल्या जंतूंनी फुप्फुसे पुन्हा व्यापली होती.

उपाय गणितातच होता. रिफाम्पिसिनला दाद न देणारा जंतू दहा कोटींत एखादा. दोन्ही औषधांना एकाच वेळी पुरून उरणारा जंतू आपोआप सापडायचा, तर एकावर चौदा शून्ये इतके जंतू लागतील. तेवढे कोणाच्याही देहात नसतात. म्हणूनच क्षयाला एकाच वेळी अनेक औषधे, आणि तीही सहा महिने, देतात. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जायची वेळ येते आणि गोळ्या सुटतात. काही औषधे मिळाली नाहीत म्हणून एकच चालू ठेवणे तर त्याहून घातक, कारण निवडीचे काम तेच करते. असा निवडलेला जंतू पुढे खोकल्यावाटे घरातल्या लेकरापर्यंत पोहोचतो. त्या लेकराने एकही गोळी चुकविलेली नसते, तरी त्याचा क्षय पहिल्या दिवसापासून औषधाला दाद देत नाही.

अशा रुग्णाला दोष देऊन आपली सुटका होणार नाही. सरकारी दवाखान्यात ही औषधे विनामूल्य मिळतात, आणि २०१८ पासून निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी रक्कमही मिळते. गावोगावच्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी रुग्णांचे कागद पुरे करून द्यावेत. थुंकीच्या सीबीनॅट तपासणीचा आग्रहही धरावा. ४४ लाखांतील नेमक्या ८१ अक्षरांच्या टप्प्यात बदल झाला आहे काय, हे ते यंत्र सुमारे दोन तासांत सांगते. जंतू वाढवून पाहण्याच्या जुन्या पद्धतीत यासाठी कित्येक आठवडे जात.