टेंडरवरची दोन अक्षरे

माळा आवरायला काढला की काय हाती लागेल ते सांगता येत नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे बिस्किटांच्या जुन्या डब्यात नानांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, आगगाडीचे इंजिन सापडले. नाना इथल्या रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. पत्रा कापून, झाळून त्यांनी हे इंजिन घरीच केले, तेही माझ्या जन्माआधी.

समोर ठेवलेला नमुना होता वायपी जातीचा. चार-सहा-दोन अशा चाकांचे हे मीटरगेज इंजिन. १९४९ ते १९७० या काळात अशी ८७१ इंजिने तयार झाली. निजामाच्या राजवटीत, १९०० च्या सुमारास, मनमाडहून हैदराबादकडे टाकलेला आमचा लोहमार्ग मीटरगेजच होता. तो रुंद झाला १९९० च्या दशकात. तोवर या गावाची गाडी म्हणजे छोटी गाडी.

नानांच्या इंजिनाच्या चाकांमधले अंतर मी पट्टीने मोजले. तेहतीस मिलिमीटर. म्हणजे एक मीटरचा तिसावा भाग. बँकेतली सवय, आकडा जुळला की बरे वाटते. पण इंजिनाचा रंग होता पोपटी हिरवा! तो प्रताप माझाच. दहा वर्षांचा असताना सायकलच्या रंगाचा उरलेला डबा मी त्यावर रिकामा केला होता. नाना तेव्हा काही बोलले नाहीत. आता ते नाहीत, तेव्हा आपणच केलेली चूक आपणच निस्तरावी असे ठरवले.

पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथली इंजिने १:८७ प्रमाणातली, त्यावर फूटभर उंचीचे अक्षर जेमतेम साडेतीन मिलिमीटरचे होईल. ती पाहून मला हुरूप आला. थिनर आणला, कापूस घेतला आणि टेंडरच्या, म्हणजे कोळसा-पाण्याच्या डब्याच्या, उजव्या बाजूपासून सुरुवात केली.

घाई केली, हे कबूल करतो. हिरवा रंग सुटला, खालचा काळा दिसला, त्यावर पांढरी अक्षरे दिसली. ‘द. म.’ हात थांबेपर्यंत तीही कापसावर आली. त्याखाली आणखी एक काळा थर, आणि क्षणभर ‘म. रे.’ मग ते पुसले गेले. उरला नुसता पत्रा.

खुर्चीत बसल्यावर उलगडा झाला. आमचा मार्ग १९५१ पासून मध्य रेल्वेत होता. २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली आणि तो तिच्याकडे गेला. खऱ्या इंजिनांचे मालक बदलले, तसे नानांनी आपल्या इंजिनावरचेही नाव बदलले होते! तेव्हा रंगाची वाटी धरून मी शेजारी बसलो होतो, हेही मग आठवले. आणि ते हस्ताक्षर मी पाच मिनिटांत पुसून टाकले होते.

सुदैवाने डावी बाजू शिल्लक होती. तिथे थिनर वापरला नाही. कान साफ करायच्या काडीला जरासे टर्पेंटाइन लावून केवळ हिरवा थर सोडवला. नखाएवढी जागा, मग विश्रांती. आठ दिवसांनी ‘द. म.’ पूर्ण दिसले. बटरपेपरवर त्याची नक्कल काढली, शेजारी पट्टी ठेवून फोटो घेतला.

उजवी बाजू कोमट साबणपाण्याने धुतली, प्रायमर दिला, मग काळ्याचे दोन पातळ हात. निव्वळ काळा छोट्या वस्तूवर खेळण्यासारखा दिसतो, म्हणून त्यात थोडा करडा मिसळला. अक्षरांआधी तकतकीत वार्निश, म्हणजे चुकलेली रेघ पुसता येते.

खरा प्रश्न अक्षरांपाशी आला. नानांचा ‘द’ रेल्वेच्या वळणाचा नाही, शिरोरेषा पुढे सरकलेली. रेल्वेचा हिशेब धरला तर ते चूक. एक जाणकार स्नेही म्हणाले, “साहेब, करताच आहात तर खऱ्या इंजिनासारखे करा.” मी दोन दिवस विचार केला. बँकेत सही पडताळायची ती खातेदाराच्या नमुना सहीशी, पुस्तकातल्या वळणाशी नव्हे. मग मी नानांचा ‘द’ उतरवला, सरकलेल्या शिरोरेषेसकट. वरून मंद चमकेचे वार्निश दिले.

आमच्या शहराचे नाव २०२३ साली बदलले, २०२५ साली स्थानकाचेही. पाट्या पुन्हा रंगवल्या गेल्या. पाटीला शेवटी एकच नाव असते. टेंडरच्या डाव्या बाजूला मात्र ‘द. म.’च्या खाली ‘म. रे.’ अजून तसेच आहे. ते दिसत नाही, पण आहे.

नातीने विचारले, “आबा, दोन्ही बाजू सारख्या का नाहीत?” तिची नजर तीक्ष्ण. मी एका चिठ्ठीवर लिहून ती टेंडरच्या आत ठेवली: ‘डावी बाजू नानांची, १९६६. उजवी त्यांच्या मुलाची. हिरवा रंगही त्याचाच होता.’ पुढे कुणी हे रंगवायला काढले, तर त्याने आधी ती वाचावी.