लेखांक ७ : पलंगापासून चार पावले

न्हाणीघराच्या फरशीचे प्रकरण या आठवड्यास घेण्याचे मी कबूल केले होते. परंतु एका वाचक भगिनींचे जे पत्र हाती आले आहे, ते वाचल्यावर ते तूर्त तहकूब ठेवणेच मला उचित वाटते. त्यांच्या सासऱ्यांसाठी घरात सर्व तजवीज झालेली आहे, भिंतीला दांडी बसविली आहे, पायपुसणी उचलली आहेत, रात्रभर मंद दिवा असतो. आणि तरीही मामंजी दोनदा पडले, दोन्ही वेळा पहाटे, लघवीला उठले असताना, पलंगापासून चार पावलांच्या आत.

अशा वेळी फरशीचा पंचनामा करून काही निष्पन्न होत नाही. माणूस आडवा असताना उभा राहिला, की सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात व पायांत उतरते. मानेतील आणि हृदयालगतच्या मोठ्या धमन्यांच्या भित्तिकांत असलेल्या मज्जातंतूंच्या अग्रांना दाबातील ही घट तत्क्षणी कळते, आणि त्यांच्या सूचनेसरशी हृदयाची गती वाढते व रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून तरुणाला या घडामोडीची वार्ताही नसते. वार्धक्यात ही व्यवस्था मंदावते. उभे राहिल्यापासून ३ मिनिटांच्या आत रक्तदाबाचा वरचा आकडा २० किंवा खालचा १० मिलिमीटरने उतरला, तर तो विकार समजावा. डोळ्यांपुढे अंधारी येते, गुडघे लुळे पडतात, आणि घरचे म्हणतात, पाय घसरला.

दवाखान्यात रक्तदाब बहुधा बसवून घेतात, त्यामुळे ही उतरण कागदावर येतच नाही. माझी आग्रहाची विनंती अशी, की वडीलधाऱ्यांना ५ मिनिटे निजवून एकदा, आणि उभे केल्यावर १ व ३ मिनिटांनी पुन्हा, रक्तदाब मोजावा, व ते आकडे औषधांच्या संपूर्ण यादीसह डॉक्टरांपुढे ठेवावेत; कारण प्रोस्टेटसाठी दिलेली टॅमसुलोसिनसारखी गोळी, लघवी वाढविणारी गोळी, रक्तदाबाची आणि झोपेची गोळी, या प्रत्येकीचा या प्रकरणात हात असू शकतो. मात्र कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

तोवर उठण्याची रीत बदलावी. प्रथम पलंगाच्या कडेवर पाय सोडून मिनिट-दोन मिनिटे बसावे, घोटे वरखाली हलवावेत, मग आधार धरून उभे राहावे व डोके स्थिर आहे अशी खात्री पटल्यावरच पहिले पाऊल टाकावे. आणखी एक गोष्ट पुरुषांना पटविणे जड जाते, पण ती सांगितल्यावाचून मला राहवत नाही : रात्रीची लघवी बसूनच करावी. मूत्राशय रिकामे होताना रक्तदाब आणखी खाली येतो, आणि काही वृद्ध नेमके त्याच क्षणी उभ्याउभ्या कोसळतात. पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवता आली, तर त्या चार पावलांचीही गरज उरत नाही.